बगळ्याच्या नळावरचं सरबत

बागेतल्या बगळ्याच्या नळाला आता चंदेरी रंग दिलाय. ज्यानं दिला त्याला ओतीव लोखंडाचं बीड आणि पत्रा यांतला फरक कळत नसावा, किंवा रंगाचा डबा उरला होता म्हणून त्यानं तो तिथं संपवला असावा. भोवती कंबरेएवढं कुंपण आहे, आत पाण्याचा थेंब नाही, आणि शनिवार-रविवारी मुंबईची मंडळी हातात पाण्याच्या बाटल्या धरून त्याच्यासमोर फोटो काढतात. मी सकाळी फिरायला जाते तेव्हा समोरच्या बाकावर थोडी बसते. गुडघे बसवतात, दुसरं काय. परवा एका मुलीनं विचारलं, "आजी, हे नक्की काय आहे? कारंजं का?" मी म्हटलं, "नाही गं, पाणी प्यायचा नळ आहे." तिला ते काही पटलं नाही. पाणी प्यायला एवढा थाट कोण करतं, असं तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

थाट होताच. दगडी चौथऱ्यावर चार सडपातळ खांब, खांबांवर चढलेली वेल, वेलीची पानं न् फुलंसुद्धा बिडाचीच. वर जाळीचा घुमट आणि घुमटाच्या टोकाला कमळासारखं काहीतरी, जे आम्हांला कधी नीट दिसलं नाही, कारण त्यावर कायम एखादा कावळा बसलेला असायचा. घुमटाखाली मोठा घडा आणि त्याच्या चार बाजूंना मान पुढं काढलेले चार बगळे. त्यांच्या चोचीतून पाण्याची धार खालच्या कुंडात पडायची. कुण्या पारशी शेटनं आपल्या वारलेल्या बायकोच्या नावानं हा नळ विलायतेहून मागवला होता म्हणे. जहाजानं मुंबईला आणि तिथून रेल्वेनं, सुट्या भागांत, गवतात गुंडाळून तो घाट चढून वर लोणावळ्याला आला. चौथऱ्यावर इंग्रजीत आणि गुजरातीत काही कोरलेलं होतं. ते आमच्यापैकी कुणाला वाचता यायचं नाही आणि त्यावाचून कुणाचं अडलंही नाही. प्रत्येक बगळ्याच्या गळ्यात एक साखळी आणि साखळीला एक कटोरा. मूळचे बिडाचे कटोरे कधीच फुटून गेले होते, त्यांच्या जागी तांब्याचे लावले होते. शाळेतली पोरं, हमाल, आठवडी बाजाराला आलेल्या बाया, हवापालटाला आलेले बंगलेवाले, सगळे त्याच चार कटोऱ्यांनी पाणी प्यायचे. प्यायचं, धारेखाली विसळायचं, सोडून द्यायचं. जुन्या काळी काही लोक स्वतःचा तांब्या घेऊन यायचे, असं ऐकलंय. माझ्या लहानपणी तरी तसं दिसत नव्हतं.

त्या कटोऱ्यांना कल्हई करायचं काम माझ्या अब्बांचं. बाजारामागच्या बोळात आमचं घर होतं, पुढं अब्बांचं कल्हईचं दुकान आणि मागं दोन खोल्या. दिवसभर भात्याचा आवाज आणि नवसागराचा धूर. तो धूर आमच्या कपड्यांना, केसांना, एवढंच काय, दह्यालाही लागायचा. भात्याचा आवाज थांबला की अम्मी आतून म्हणायची, "आता तुजं अब्बा च्या मागत्याल," आणि तेवढ्यात खरंच चहाची हाक यायची. अम्मी बेडश्याची. लेण्यांच्या पायथ्याशी तिच्या माहेरच्यांचं दोन खोल्यांचं घर. तिथं ती बैलांच्या, भातलावणीच्या आणि कुळवाड्यांच्या पोरींच्या संगतीत वाढली. लुगडं नेसायची, कपाळ तेवढं मोकळं. बोलणं अस्सल मावळी, आणि लोणावळ्यात एवढी वर्षं काढून ते तसूभर बदललं नाही. अब्बा शहरी बोलायचे आणि तिची नक्कल करायचे. मग तीही त्यांची नक्कल करायची. आमच्या घरात हसणं भरपूर होतं, हे आधीच सांगून ठेवते. पुढं जे सांगायचंय त्यात ते फारसं येणार नाही.

मोहरमच्या आधी एक दिवस अब्बा आपला भाता, कोळसे, कथिलाची कांडी असं सगळं घेऊन बागेत जायचे. कटोरे साखळीतून काढायचे नाहीत, असा त्यांचा स्वतःचाच नियम. एकदा काढला की परत बसतोच असं नाही, म्हणायचे. म्हणून मग दुकानच नळाकडं जायचं. चौथऱ्याला लागून भट्टी मांडायची, साखळी ताणून कटोरा विस्तवावर धरायचा, नवसागर टाकायचा, कथिलाचा थेंब सोडायचा आणि कापसाचा बोळा फिरवायचा, की आतून कटोरा चांदीसारखा उजळून निघायचा. पहिलं पाणी अब्बा स्वतः प्यायचे आणि दुसरं बागेचा माळी भिकूभाऊ. घरी तोवर अम्मी चोंगे लाटायला बसलेली. मोहरमचा गोड चोंगा ज्यानं खाल्ला नाही त्याला मी काय सांगणार. गूळ, बडीशेप, कणीक, वर नक्षी उठवलेली, आणि तूप असेल तर तूप. बेडश्याहून अम्मीच्या माहेरचे लोक ताबूत बघायला यायचे. त्यांत आमच्या घरचे कमी आणि कुळवाडी जास्त. सगळे आमच्याच ओसरीवर जेवायचे.

आपा माझ्याहून मोठी. नाव जुबेदा, पण मला ती आपाच. दिसायला अम्मीसारखी, बोलायला अब्बांसारखी. तुंगार्लीच्या एका बंगल्यात ती शिवणकाम करायला जायची. पडदे, उशांचे अभ्रे, बंगल्यातल्या बाईंचे ब्लाउज. परत येताना बागेतून यायची आणि नळावर पाणी प्यायची. कटोरा भरून घ्यायचा आणि एका दमात प्यायचा, मग मान वर करून "हाऽऽ" करायचं. मला ते ऐकून हसू यायचं. चहाचं तिला भारी वेड होतं. सकाळी दोन, दुपारी एक, आणि कुणी आलं की त्यांच्या निमित्तानं आणखी एक.

तिचं लग्न सोमाटण्याला ठरलं. मुलगा रफीक, नाक्यावर त्यांचं सायकलचं दुकान होतं. त्याची आई हमीदाखाला म्हणजे अम्मीची चुलत बहीण, त्यामुळं परकं असं काही नव्हतं. साखरपुडा झाला आणि भांड्यांची खरेदी निघाली. हमीदाखाला मुद्दाम त्यासाठी आली होती. ताट, तांब्या, परात, सहा पेले, सगळं स्टीलचं. नाव घालणारा माणूस दुकानाच्या पायरीवर बसून टकटक टकटक करत एकेका भांड्यावर ठिपक्या-ठिपक्यांनी अक्षरं उठवत होता. 'चि. जुबेदा हिस, आईवडिलांकडून.' खाला त्याला म्हणाली, "नाव जरा मोठं घाल बाबा. उद्या माझ्या घरात दहा बायका येतील, कुणाचं कुठलं कळायला नको?" पेले ट्रंकेत गेले. अम्मी अधूनमधून ट्रंक उघडून ते पुसायची आणि परत ठेवायची.

मग तो खोकला आला. आधी अब्बांच्या धुराला दोष दिला, मग थंडीला. संध्याकाळी अंग तापायचं. एके दिवशी आपा बंगल्यावरून लवकर आली, पदराला रक्त होतं, आणि बाईंनी तिला उद्यापासून येऊ नकोस म्हणून सांगितलं होतं. डॉक्टरांनी छातीचा फोटो काढायला लावला. आजार काय ते अब्बांना सांगितलं, अब्बांनी अम्मीला. माझ्यासमोर कुणी नाव घेतलं नाही. अम्मीनं ते नाव पुढं मरेपर्यंत घेतलं नाही, ती नेहमी "तवाचा खोकला" म्हणायची.

डॉक्टर म्हणाले होते, हिचं ताट-पेला वेगळा ठेवा, घरात लहान मुलगी आहे. ती लहान मुलगी म्हणजे मी. घरातली भांडी सगळी एकसारखी, ओळखायचं कसं? अम्मीनं ट्रंक उघडली आणि नावाचा पेला काढला. दुसरं तिला सुचलं नाही, आणि खरं तर सोयीचं तेच होतं, त्यावर नाव होतं. लग्नात सासरी जायचा पेला घरातल्या घरात वेगळ्या फळीवर जाऊन बसला. तो वेगळ्या पातेल्यात उकळायचा आणि वेगळ्या फडक्यानं पुसायचा. दिवसातून कितीदा तरी अम्मीचा आवाज यायचा, "अगं त्यो न्हवं, तुजा पेला घे." मला, "तिच्या पेल्याला हात लावू नगं." अब्बांना, "त्यो आपाचा हाय, ठिवा खाली." स्वयंपाक करता करता, दळण निवडता निवडता, पाठ असली तरी तिला कळायचं कोण कुठला पेला उचलतंय. आणि हीच अम्मी आपाच्या उशाशी जमिनीवर झोपायची, तिची पिकदाणी स्वतः साफ करायची, बकऱ्याच्या पायांचं सूप करून घोट घोट पाजायची. तिला स्वतःची भीती नव्हतीच. भीती माझी होती. हे मला फार उशिरा कळलं आणि कळल्यापासून काही सोडत नाही.

सोमाटण्याहून निरोप आला की आधी मुलगी बरी होऊ दे. लग्न मोडलं असं कुणी म्हटलं नाही. खाला मनानं वाईट नव्हती. तिनं दोनदा अंडी पाठवली. पण आली मात्र नाही.

तेव्हाच अब्बांनी नवस बोलला. पोरगी बरी झाली तर मोहरमच्या दहाव्या दिवशी बगळ्याच्या नळावर गावाला सरबत पाजीन, आणि ते तिच्याच हातानं. अब्बा साधे होते, पण या नवसात त्यांचं डोकं होतं. आजार बरा झाल्याचं डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं तरी बाजार थोडाच वाचणार होता? पण जे कटोरे सगळ्या गावाच्या तोंडाला लागतात त्यांतून तिच्या हातचं प्यायलं, की विषयच संपला.

सुया टोचून टोचून आपाचं अंग कठीण झालं. गोळ्यांनी तिचं तोंड कडू व्हायचं, तिला जेवण नको वाटायचं, आणि अम्मी ताट घेऊन समोर बसून राहायची. आणि ती बरी झाली. खरंच झाली. डॉक्टर म्हणाले, "आता हिच्यापासून कुणाला काही नाही. हवं ते खा, हवं त्याच्यासोबत खा." गालांवर मांस आलं, केस परत दाट झाले. मी पुन्हा तिच्या अंथरुणात शिरून झोपायला लागले. पण पेला आपला फळीवर तिथंच राहिला. कुणी मुद्दाम ठेवला असं नाही. तो हलवायचं कुणाच्या ध्यानात आलं नाही. आपा आपसूक तोच घ्यायची आणि अम्मी आपसूक तोच उकळायची.

मोहरम जवळ आला तशी अब्बांनी नगरपालिकेत जाऊन परवानगी काढली आणि सोमाटण्याला निरोप धाडला, सरबताला या. मोहरमात लग्नाची बोलणी होत नाहीत, हे सगळ्यांनाच ठाऊक. म्हणून तर तो दिवस बरा होता. कुणी कुणाला काही विचारायचं नव्हतं. हमीदाखाला जुबेदाच्या हातचं सरबत प्यायली की तेच उत्तर, बाकीचं पुढच्या महिन्यात बघायचं. निरोप उलट आला, आम्ही तिघंही येतो. अम्मीनं त्या दिवशी दोनदा मीठ घातलेलं कालवण केलं आणि आम्ही ते हसत हसत खाल्लं.

आदल्या दिवशी अब्बांनी कटोऱ्यांना कल्हई केली. इतकी झगझगीत मी कधी पाहिली नव्हती. दहाव्या दिवशी सकाळी मोठा हंडा चौथऱ्यावर चढला. गुळाचं सरबत, त्यात बडीशेप, वेलची आणि भिजलेला सब्जा. आपा फिकट हिरव्या साडीत, डोक्यावर पदर, हातात पळी. मी तिच्याशेजारी उभी राहून कटोरे विसळून पुढं करत होते. पहिल्यांदा बराच वेळ कुणी आलं नाही. म्हणजे लोक बागेत होते, बाकांवर होते, झाडाखाली होते, फक्त चौथऱ्याजवळ नव्हते. बाजारातल्या ओळखीच्या दोन बाया पलीकडच्या बाजूनं आल्या, मागच्या बगळ्याचं साधं पाणी प्यायल्या आणि आमच्याकडं बघून हसून निघून गेल्या. अब्बा उगाच विस्तव नसलेली भट्टी सारखी करत बसले होते.

मग भिकूभाऊ आला. हातातली कात्री कमरेला खोचली, कटोरा उचलला न् म्हणाला, "भर गं जुबेदा. काठोकाठ भर, हात राखू नको." प्यायला, तोंड पुसलं, परत पुढं केला. "अजून एक. गोड झालंय." त्याच्या मागून बेडश्याची माणसं आली. तुकाराम आबा म्हणून अम्मीच्या माहेरचे शेजारी होते, ते कटोरा दोन्ही हातांत धरून म्हणाले, "लय ब्येस झालं पोरी. आमी समद्यांनी तुज्यासाटी द्येवाला गाऱ्हाणं घातलतं." त्यांच्या बाया प्यायल्या, त्यांची पोरं प्यायली. ते बघून बाकावरचे लोक उठले. शाळेचे एक मास्तर आले, भाजीवाल्या आल्या, आणि सकाळच्या त्या दोन बायाही परत आल्या. रांग लागली. तिनं माझ्याकडं बघून डोळे मिचकावले, आजारानंतर पहिल्यांदाच. अम्मी चौथऱ्याच्या पायरीवर पिशवी मांडीवर घेऊन बसली होती, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पुसायचंही भान नव्हतं.

दुपारी सोमाटण्याची मंडळी आली. रफीक लांब उभा राहिला, रीतीप्रमाणं. त्याचे वडील अब्बांशी बोलत थांबले. हमीदाखाला सरळ चौथऱ्यावर चढली, आपाच्या गालावरून हात फिरवून तिनं बोटं मोडली आणि म्हणाली, "कशी गं माझी बाहुली. दे, तुझ्या हातचं दे." मी कटोरा विसळला. आपानं तो भरला. खालानं घेतला. आजूबाजूची माणसं उगाच दुसरीकडं बघत होती, पण लक्ष सगळ्यांचं तिकडंच.

त्या वेळी अब्बा म्हणाले, "बेटा, तूही घे की. सकाळपासून उभी आहेस, घोटभर पाणीसुद्धा नाही तुझ्या पोटात." किती साधं बोलणं. आपा हसली आणि बाजूच्या बगळ्याचा कटोरा तिनं उचलला.

आणि पायरीवरून अम्मीचा आवाज आला, रोजचाच, स्वयंपाकघरातला, जरा वरच्या पट्टीतला. "अगं त्यात नगं! तुजा पेला आणलाय न्हवं मी." पिशवीतून तिनं पेला काढला, पदरानं पुसला आणि आपाकडं धरला. स्वच्छ घासलेला, उकळलेला, नावाचा.

तिला कळलंसुद्धा नाही. म्हणजे त्या क्षणी. पेला पुढं करून ती आपाकडं मायेनं बघत होती, लेकरू दमलंय, आपण आठवणीनं आणलं ते बरं झालं, असं. मग तिला आजूबाजूचं गप्प झालेलं कळलं. मी अम्मीचा चेहरा बदलताना पाहिला. माणसाचा चेहरा असा बदलताना मी नंतर कधी पाहिला नाही, आणि पाहायचाही नाही मला.

हमीदाखालाच्या हातात कटोरा तसाच होता, ओठांपर्यंत न गेलेला. तिनं पेल्यावरचं नाव वाचलं. ते तिनंच मोठं घालायला लावलं होतं. कटोरा इतक्या हळू खाली सोडला की साखळीचा आवाजही झाला नाही. "माझं पोट सकाळपासून जरा बिघडलंय गं," ती म्हणाली, "गोड नको." मग अम्मीकडं बघून म्हणाली, "तू आई आहेस. तुला माहीत." तिच्या जागी मी असते तर मी काय केलं असतं? ज्या आईनं मुलीला वाढवलं तीच जर सगळ्या गावाच्या कटोऱ्यातून तिला पिऊ देत नाही, तर बाहेरच्या माणसानं काय समजायचं? खालावर राग धरायचा मी खूप प्रयत्न केला आहे. फार दिवस टिकला नाही.

अम्मी उभी राहिली आणि सगळ्यांना ओरडून सांगायला लागली, "न्हाई वो, ती बरी हाय! डागतरांनी सांगितलंय, सवयीनं त्वांडातनं ग्येलं, पोरगी बरी हाय माजी!" जितकं ती जास्त सांगत होती तितकी माणसं मागं सरत होती. एक बाई पोराच्या तोंडात बोट घालून सरबत काढायला लागली. आपा खाली उतरली. अम्मीच्या हातातला पेला तिनं काढून घेतला, हंड्यातून भरला आणि सगळ्यांच्या देखत पिऊन टाकला. मग अम्मीच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "बरं झालं आणलास. फार तहान लागली होती." तिथं अम्मीला सांभाळायला कुणी काही केलं असेल तर ते एवढंच, आणि ते आपानं केलं.

हंडा अर्ध्याहून जास्त उरला. तुकाराम आबांनी आणि भिकूभाऊनं आणखी दोन-दोन कटोरे घेतले, पण दोन माणसं पिऊन पिऊन किती पिणार. उरलेलं अब्बांनी बागेतल्या गुलमोहराच्या बुंध्याशी ओतलं. पुढचे दोन दिवस तिथं मुंग्या होत्या. सोमाटण्याहून महिनाभरानं निरोप आला, तो काय आला ते सांगायची गरज नाही. अम्मीनं विटेचा तुकडा घेऊन पेल्यावरचं नाव घासलं. बोटं सोलली, पेला पांढराफटक पडला, नाव काही गेलं नाही. अब्बा त्यानंतर नळावर कल्हईला गेले नाहीत. काही वर्षांत कटोरे आतून हिरवे पडले, लोक ओंजळीनं प्यायला लागले, आणि एका पावसाळ्यानंतर बघितलं तर साखळ्याच गायब होत्या. भंगारात गेल्या असणार.

आपानं मात्र त्या दिवसानंतर कुठल्याही भांड्याला ओठ लावला नाही. मान मागं टाकायची आणि वरून धार सोडायची, घरात असो, कुणाकडं असो. कुणी ओठाला लावायचं म्हटलंच तर हसून म्हणायची, मला असंच गोड लागतं. चहा वरून पिता येत नाही, म्हणून चहा सोडला. रुसली वगैरे नाही. घरी शिवणाचा क्लास काढला, निम्म्या गावातल्या पोरींना मशीन शिकवलं, माझं लग्न करून दिलं, अब्बांचं दुखणं काढलं. आम्हां सगळ्यांना तिची ती वरून प्यायची सवय इतकी अंगवळणी पडली की दिसेनाशी झाली. एकटी अम्मी बघायची. आपा पाणी प्यायला लागली की अम्मी हातातलं काम थांबवायची, आणि पिऊन झालं की परत सुरू करायची. दोघींमध्ये त्या दिवसाबद्दल कधी अक्षर निघालं नाही. मी दोनदा विषय काढायचा प्रयत्न केला, दोघींनीही मला बाजारात पाठवलं.

अम्मी खूप म्हातारी होऊन गेली. शेवटी अंथरुणाला खिळली तेव्हा मी माहेरीच येऊन राहिले होते. थंडीचे दिवस होते, दुपारची वेळ. सकाळपासून तिनं पाणी घेतलं नव्हतं, ओठ फुटले होते. आपानं पेल्यात पाणी आणलं आणि तिच्या मानेखाली हात घातला. अम्मीनं तोंड फिरवलं.

"आदी तू पी," ती म्हणाली.

आपानं मान मागं टाकून थोडी धार तोंडात सोडली. "प्यायले. आता तू घे."

"तसं न्हाई. व्हट लावून पी. मंग मला दे."

मी दारात उभी होते. आपानं पेला ओठांपर्यंत नेला. खरंच नेला, मी पाहिलं. तिथं तो थांबला, आणि खाली आला. "नाही जमत गं अम्मी," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. जिना चढवत नाही म्हणून म्हाताऱ्या माणसानं सांगावं तसं ती म्हणाली. "नंतर पिते. आधी तू घे ना, घसा सुकलाय तुझा."

अम्मीनं डोकं हलवलं. "तुजं उष्टं दे. मला तुजं उष्टंच पायजे." आणि तोंड मिटून घेतलं.

आपानं पेल्यावर बशी झाकली, तो उशाशी ठेवला आणि मला म्हणाली, "थोडं झोपू दे तिला. उठली की देते." कसं देणार ते बोलली नाही. मागच्या दारी जाऊन ती कपडे धुवायला बसली. बराच वेळ तेच ते कपडे धूत होती. मी अम्मीचे पाय चेपत राहिले. मशिदीतून दुपार कलतानाची, असरची अजान झाली तेव्हा पाय गार लागले म्हणून मी वर पाहिलं, आणि आपाला हाक मारली.

ती ओल्या हातांनी तशीच आली. अम्मीच्या तोंडाकडं तिनं बघितलं, नाकापाशी हात धरून बघितला. रडली नाही. मग उशाजवळची बशी काढून बाजूला ठेवली, पेला उचलला, ओठांना लावला आणि अम्मीच्या शेजारी उभ्याउभ्या, एकेक घोट घेत, सगळं पाणी प्यायली.